जुनी चॅपेल, जुनी घरे : संरक्षण कायद्याचे आणि भाविकांचे

गारगोटी (जि. कोल्हापूर) : वेदगंगेच्या काठचे गारगोटी हे भुदरगड तालुक्याचे मुख्य गाव. १३ डिसेंबर १९४२ रोजी येथील सरकारी कचेरीवर चालून गेलेल्या क्रांतिकारकांपैकी सात जणांनी प्राण अर्पण केले आणि गावाने त्यांची स्मृती आजवर जपली आहे. स्वातंत्र्यानंतर, १९५२ साली, शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांनी येथेच मौनी विद्यापीठाची स्थापना केली. घटना कशी स्मरावी आणि संस्था कशी उभारावी हे या गावाला कोणी शिकवावयास नको. परंतु गावाबाहेर पडून पाटगावच्या किंवा आजऱ्याच्या रस्त्याला लागले की दुसरे एक दृश्य दिसते. दगडमातीच्या भिंती, उतरते कौलारू छप्पर, पुढे सोपा, आत माजघर, मागे परडे अशी घरे एकामागून एक उतरविली जात आहेत व त्यांच्या जागी सपाट छताची सिमेंटची घरे उभी राहत आहेत. घर माणसासाठी असते, त्यामुळे यात कोणाला दोष देण्याचे कारण नाही. मात्र जुने ते सारे अडचणीचेच असते, असे मानून आपण काही मोलाचे गमावीत तर नाही ना, हा प्रश्न विचारण्याची वेळ आली आहे.

आमच्या ख्रिस्ती समाजाला हा प्रश्न अधिकच लागू पडतो. कोल्हापूर, सिंधुदुर्ग व रत्नागिरी हे तीन जिल्हे मिळून ५ जुलै २००५ रोजी सिंधुदुर्ग धर्मप्रांत स्थापन झाला. त्यापूर्वी हा सारा प्रदेश पुणे धर्मप्रांतात मोडत असे. आजरा, चंदगड या तालुक्यांत व घाटाखाली सावंतवाडीच्या परिसरात जी कॅथोलिक कुटुंबे आहेत, त्यांच्यापैकी पुष्कळांचे पूर्वज गोव्याकडून आले. येताना त्यांनी आपली भाषा आणली, आपली लादीन आणली आणि वाडीवाडीत क्रूस व चॅपेल उभारण्याची रीतही आणली. या लहान वास्तूंना, तसेच त्यांच्या भोवतीच्या शेतकरी घरांना, आज कोणते संरक्षण आहे? वसई, गोवा, मुंबई आणि दूरच्या आल्प्स पर्वतातील कॅथोलिक गावे यांच्या अनुभवावरून आपण काय शिकावे? या लेखात त्याची एकत्र माहिती देण्याचा आमचा प्रयत्न आहे.

'संरक्षित' म्हणजे काय?

बोलण्याच्या ओघात आपण कोणत्याही जुन्या इमारतीला 'संरक्षित' म्हणतो. कायद्यात मात्र या शब्दाला निश्चित अर्थ आहे व त्याचे तीन स्तर आहेत.

पहिला स्तर केंद्र सरकारचा. प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष अधिनियम, १९५८ या कायद्यान्वये किमान शंभर वर्षे जुनी व राष्ट्रीय महत्त्वाची वास्तू केंद्राला संरक्षित घोषित करता येते. तिची देखभाल भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे असते. २०१० सालच्या दुरुस्तीनुसार अशा वास्तूभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई आहे आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत परवानगीची अट आहे. स्मारकाची हानी करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. संरक्षित स्मारक हे उपासनास्थान असेल, तर त्याच्या स्वरूपाशी विसंगत असा त्याचा वापर करता येत नाही, असेही हा कायदा सांगतो. कोल्हापूर जिल्ह्यातील पन्हाळा किल्ला व खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर या स्तरात येतात. त्यांपैकी पन्हाळा हा जुलै २०२५ मध्ये, मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून, युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतही समाविष्ट झाला.

दुसरा स्तर राज्य सरकारचा. महाराष्ट्राने याच स्वरूपाचा आपला कायदा १९६० साली केला आणि गोव्याने १९७८ साली. तिसरा स्तर स्थानिक नियोजनाचा. मुंबईसाठी १९९५ साली वारसा नियमावली लागू झाली आणि इमारती व परिसर यांची तीन श्रेणींत यादी करण्यात आली. शहराच्या बांधकाम नियमांतच वारशाला स्थान देणारी ही आपल्या देशातील पहिली नियमावली होय.

वाचकांच्या लक्षात आलेच असेल की या तिन्ही स्तरांत वाडीवरचे साठ-सत्तर माणसांचे चॅपेल आणि शेतकऱ्याचे कौलारू घर यांना सहसा जागा मिळत नाही. ती राष्ट्रीय महत्त्वाची नसतात, अनेकदा शंभर वर्षांचीही नसतात, आणि ग्रामीण भागात वारशाची यादी बहुधा झालेलीच नसते. म्हणजे जे आपले सर्वात जवळचे आहे, तेच कायद्याच्या छत्राबाहेर उभे आहे.

वसई : संरक्षित भग्नावशेष, असंरक्षित घरे

मराठी भाषक कॅथोलिकांना वारशाचा विषय निघाला की प्रथम वसई आठवते. डिसेंबर १५३४ च्या तहाने गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली. पुढील दोनशे वर्षांत तटबंदीच्या आत एक संपूर्ण नगर उभे राहिले. फ्रान्सिस्कन, जेजुइट, डॉमिनिकन व ऑगस्टिनियन या संघांची चर्च व मठ तेथे होते, तसेच संत जोसेफ यांच्या नावाचे मुख्य चर्च होते. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी येथे क्रुसावर हौतात्म्य पत्करणारे संत गोन्सालो गार्सिया हे याच वसईचे सुपुत्र. १८६२ साली पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद बहाल केले.

मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली आणि किल्ल्यातील पोर्तुगीज नगर ओस पडले. आज हा किल्ला केंद्राने संरक्षित केलेले स्मारक आहे. चर्चचे दर्शनी भाग, कमानी आणि फरशीतील थडग्यांचे लेख अजून पाहावयास मिळतात, याचे श्रेय त्या संरक्षणालाही आहे. परंतु ज्या चर्चला छप्पर उरले नाही, त्यांत रोजचा मिस्साही उरला नाही.

याच्या उलट उदाहरण घंटांचे आहे. वसईच्या मोहिमेनंतर पोर्तुगीज चर्चमधील घंटा मराठी मुलखातील देवळांत गेल्या, असे मानले जाते. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील घंटा व भीमाशंकरची घंटा ही त्यांपैकी प्रसिद्ध. नारोशंकराच्या घंटेवर १७२१ हे साल कोरलेले आहे. युद्धाच्या इतिहासात शिरण्याचा आमचा हेतू नाही. आम्हाला एवढेच दिसते की ज्या चर्चमध्ये प्रार्थना थांबली ती ढासळली, आणि जी घंटा रोज वाजत राहिली ती टिकली, मग ती दुसऱ्या धर्माच्या देवळात का असेना. वास्तूचे पहिले संरक्षण तिचा नित्य वापर हेच असते.

किल्ल्याबाहेरील वसईचे चित्र याहून वेगळे आहे. तेथील सामवेदी, वाडवळ व इतर ख्रिस्ती समाजांनी आपली चर्च, गल्लीबोळांतील क्रूस, केळीच्या वाड्या, बावखले आणि कौलारू घरे शतकानुशतके नांदती ठेवली. २२ मे १९९८ रोजी वसई हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. याच काळात मुंबईची वाढ उत्तरेकडे सरकत होती. दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईसाठी उभारलेला लढा सर्वांना ठाऊक आहे. तो पाण्यासाठी व झाडांसाठी होता, तसा त्या पाण्याझाडांच्या आधाराने उभ्या असलेल्या घरांसाठीही होता. ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली, तेव्हा अनेक गावांनी तिला विरोध केला, त्यामागेही हीच भीती होती. बावखल बुजले की विहीर आटते, विहीर आटली की वाडी जाते आणि वाडी गेली की घर विकावयास निघते. या साखळीतील एकाही दुव्याला स्मारकांचा कायदा हात लावीत नाही.

मुंबईची गावठाणे

मुंबईत ईस्ट इंडियन बांधवांची गावठाणे आहेत. गिरगावातील खोताची वाडी व माझगावातील म्हातारपाखाडी यांची वारसा-परिसर म्हणून नोंद झाली. अरुंद गल्ल्या, लाकडी सज्जे, बाहेरून चढणारे जिने आणि कोपऱ्यावरचा क्रूस असे या वस्त्यांचे रूप. यांपैकी अनेक क्रूस १८९६ पासून मुंबईत पसरलेल्या प्लेगच्या दिवसांत उभारले गेले. घराघरांतून प्रेते निघत होती, तेव्हा लोक संध्याकाळी क्रुसाजवळ जमून रोझरीची प्रार्थना करीत. क्रुसाच्या पायथ्याशी कोरलेले साल म्हणजे त्या संकटाची नोंदच होय.

मुंबईच्या अनुभवाने दोन गोष्टी शिकविल्या. पहिली, यादीत नाव आले म्हणून घर वाचतेच असे नाही. दुरुस्तीचा खर्च मालकाच्या शिरावरच राहतो, भावंडांत वाटण्या होतात, आणि बिल्डरचा प्रस्ताव दारात येतो. खोताच्या वाडीतील जुन्या घरांची संख्या नोंद होऊनही घटतच गेली. दुसरी गोष्ट कागदपत्रांची. सार्वजनिक जागेवरील अनधिकृत धार्मिक बांधकामांविषयी सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २००९ रोजी आदेश दिला. त्यानंतर प्रत्येक क्रुसाचे वय व त्याच्या जागेची मालकी दाखविण्याची पाळी भाविकांवर आली. ज्यांच्याकडे जुना नकाशा, छायाचित्र किंवा उतारा होता ते निश्चिंत राहिले. इतरांना केवळ आजीच्या आठवणींवर उभे राहावे लागले.

गोवा : एका भिंतीचा धडा

जुन्या गोव्यातील चर्च व मठ १९८६ साली जागतिक वारसा यादीत आले. मोठ्या कॅथेड्रलबरोबरच संत कॅथरिनचे छोटे चॅपेलही त्या यादीत आहे, हे आवर्जून सांगण्यासारखे आहे. वारसा म्हणून मोजली जाण्यासाठी वास्तू भव्यच असावी लागते असे नाही.

याच परिसरात संत ऑगस्टिन चर्चचा मनोरा एकटा उभा आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी पूर्ण झालेले हे चर्च १८३५ साली धर्मसंघांवर बंदी आल्यावर ओस पडले. १८४२ मध्ये त्याचे घुमटाकार छत कोसळले आणि १९३१ मध्ये दर्शनी भाग व मनोऱ्याचा अर्धा भाग पडला. माणसे गेल्यावर अवघ्या सात वर्षांत छत गेले, हा हिशेब प्रत्येक धर्मग्रामाने मनात ठेवण्यासारखा आहे.

दुसरा धडा बासिलिका ऑफ बॉम जेझूस येथील. संत फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष जेथे आहेत ते हे चर्च १५९४ ते १६०५ या काळात बांधले गेले. आज ते लालसर तपकिरी, उघड्या जांभ्याचे दिसते आणि पाहुण्यांना तेच त्याचे मूळ रूप वाटते. वास्तविक त्याच्या बाह्य भिंतींवर चुन्याचा गिलावा होता. १९५०च्या दशकात, प्राचीनतेचा भास व्हावा म्हणून, तो काढून टाकण्यात आला. जांभा सच्छिद्र असल्याने पावसाचे पाणी तेव्हापासून भिंतीत मुरत राहिले आणि गिलावा पुन्हा द्यावा की नाही याची चर्चा अलीकडच्या वर्षांतही होत राहिली. संरक्षित वास्तूचीही चुकीच्या दुरुस्तीने हानी होऊ शकते, ती अशी.

आल्प्सची कॅथोलिक गावे

युरोपातील आल्प्स पर्वतात, विशेषतः स्वित्झर्लंडच्या वॅले प्रांतात, जुनी कॅथोलिक खेडी आहेत. उन्हापावसाने काळवंडलेली लाकडी घरे, गुरांचे गोठे, आणि लाकडी पायांवर उचललेली धान्याची कोठारे हे त्यांचे वैशिष्ट्य. पाय व कोठार यांच्यामध्ये रुंद सपाट दगडी चकती बसविलेली असते. उंदीर पायावरून चढला तरी चकतीला वळसा घालून वर जाऊ शकत नाही. आपल्याकडच्या कणगीवाल्या शेतकऱ्याला ही युक्ती सांगितली, तर तो लगेच मान डोलावील.

या खेड्यांच्या वाटांवर छोटी चॅपेल असतात. झास-फे गावाकडे चढणाऱ्या जुन्या पायवाटेवर १७०९ साली पंधरा चॅपेल उभारण्यात आली. रोझरीच्या तेव्हाच्या पंधरा रहस्यांसाठी एकेक. डोंगर चढताना रोझरी पूर्ण व्हावी अशी ती योजना. त्या रहस्यांतील प्रसंग लाकडी मूर्तींतून तेथे उभे केलेले आहेत.

स्वित्झर्लंडने १९६६ साली निसर्ग व वारसा यांच्या रक्षणाचा कायदा केला. तेथे सांस्कृतिक मालमत्तेची देशव्यापी सूची ठेवली जाते आणि राष्ट्रीय व प्रादेशिक असे महत्त्वाचे वर्ग पाडले जातात. एकेका इमारतीखेरीज संपूर्ण वस्तीच्या रचनेचीही वेगळी सूची आहे. घर, गोठा, चॅपेल, पायवाट व कुरण हे मिळून गाव होते, हा त्यामागचा विचार. जी घरे मूळ जागी वाचविणे अशक्य झाले, त्यांपैकी काही उतरवून बालेनबर्ग येथील खुल्या संग्रहालयात पुन्हा उभारण्यात आली. हे संग्रहालय १९७८ साली सुरू झाले.

तथापि कायदा व संपत्ती दोन्ही असूनही सारे वाचतेच असे नाही. वॅलेतील लोचेन खोऱ्यात ब्लाटन नावाचे असे एक जुने गाव होते. मे २०२५ मध्ये डोंगराचा कडा खचू लागल्याने तेथील सुमारे तीनशे रहिवाशांना हलविण्यात आले. २८ मे रोजी हिमनदी कोसळली आणि बर्फ, दगड व चिखल यांखाली गावाचा सुमारे नव्वद टक्के भाग गाडला गेला. गावचे चर्चही गेले. जेथे मोजमापे, छायाचित्रे व नोंदी आधीच केलेल्या असतात, तेथे अशा आघातानंतर निदान स्मृती तरी शाबूत राहते. जेथे काहीच नोंद नसते, तेथे वास्तूबरोबर तिची आठवणही जाते. कोल्हापूर जिल्ह्याने २०१९ व २०२१ चे महापूर पाहिले आहेत. घाटमाथ्यावर दरडींची भीती दर पावसाळ्यात असते. ब्लाटनची वार्ता आपल्याला परकी वाटू नये.

जांभा, चुना आणि कौल

आता आपल्या घराकडे वळू. कोकणात व कोल्हापूरच्या दक्षिण-पश्चिम पठारांवर जांभा दगड मिळतो. १८०७ साली फ्रान्सिस बुकानन याने केरळमधील या दगडाचे वर्णन करताना विटेसाठीच्या लॅटिन शब्दावरून त्याला लॅटेराइट हे नाव दिले. खाणीतून काढताना जांभा मऊ असतो व सहज तासता येतो. हवेत राहिला की तो कठीण होतो. परंतु त्याची छिद्रे तशीच राहतात. म्हणून जुने गवंडी त्यावर चुन्याचा गिलावा देत. चुना भिजवून, घाणीत मळून, त्यात वाळू व कोठे गूळ, कोठे हिरड्याचे पाणी घालण्याची पद्धत होती. असा गिलावा पावसाचा मारा अडवितो आणि भिंतीत शिरलेला ओलावा बाहेरही पडू देतो. सिमेंटचा गिलावा कठीण व घट्ट असतो. वरून तो सुरक्षित वाटतो, पण जमिनीतून चढलेली ओल आत कोंडून ठेवतो. मग क्षार फुलतात, पापुद्रे सुटतात आणि दगड आतून झिजतो.

छपरावरचे मंगलोरी कौल आपण अस्सल देशी समजतो. त्याचा उगम मात्र आल्प्सच्या पायथ्याच्या त्या देशाशी जोडलेला आहे. स्वित्झर्लंडमधील बासेल येथील प्रोटेस्टंट मिशनच्या जॉर्ज प्लेब्स्ट यांनी १८६५ साली मंगळुरास कौलांचा पहिला कारखाना काढला. तेथून ही कौले पश्चिम किनाऱ्यावर व घाटावर पसरली. कौलारू छप्पर श्वास घेते, फुटलेले एक कौल काढून दुसरे बसविता येते, आणि दरवर्षी पावसाळ्यापूर्वी कौले चाळण्याच्या निमित्ताने कोणीतरी छपरावर चढून वासे व रिपा पाहते. ही वार्षिक तपासणी हेच कौलाचे खरे बळ. सपाट छताकडे मात्र गळती लागेपर्यंत कोणी पाहत नाही.

येथे आमची एक चूक कबूल केली पाहिजे. तरुणपणी कोकणातील एका धर्मग्रामात असताना वाडीवरच्या जुन्या चॅपेलची दुरुस्ती आमच्या देखरेखीखाली झाली. जुना चुना खरवडून आम्ही सिमेंट लावविले आणि वर चकचकीत रंग दिला. तेथील एक वृद्ध भाविक दोनदा येऊन सांगून गेले, "फादरानू, ह्या भितीक चुनोच लागता. सिमिटान ती आतसून कुजतली." आम्ही हसून त्यांना चहा दिला व काम पुढे चालू ठेवले. काही पावसाळ्यांनंतर त्या भिंतीचा खालचा भाग भुसभुशीत झाला आणि वेदीमागची भिंत उतरवावी लागली. ज्या भिंतीपुढे त्या म्हाताऱ्याच्या आईवडिलांचे लग्न लागले होते, ती आमच्या उत्साहाने गेली. सेमिनरीत आम्हाला पुष्कळ विद्या मिळाली होती, चुन्याची मात्र मिळाली नव्हती. ज्याच्याकडे ती होती त्याचे आम्ही ऐकले नाही.

ख्रिस्तसभेचा कायदा काय सांगतो?

राज्याचा कायदा जेथे पोहोचत नाही तेथे ख्रिस्तसभेचा कायदा पोहोचतो, हे अनेकांना ठाऊक नसते. १९८३ च्या धर्मसंहितेतील काही कलमे प्रत्येक धर्मग्राम समितीने वाचावीत.

कलम ११८९ प्रमाणे प्राचीनतेने, कलेने किंवा भक्तीने मोलाच्या ठरलेल्या पवित्र प्रतिमांची दुरुस्ती करावयाची असेल, तर धर्माधिकाऱ्यांची लेखी परवानगी घ्यावी लागते आणि त्यांनी आधी तज्ज्ञांचा सल्ला घ्यावयाचा असतो. म्हणजे जुन्या लाकडी मूर्तीला ऑइलपेंट फासण्याचा अधिकार सणाच्या यजमानाला नाही, धर्मगुरूलाही नाही. कलम १२१६ चर्चच्या बांधकामात व दुरुस्तीत तज्ज्ञांचा सल्ला आवश्यक मानते. कलम १२२० वास्तूची नित्य देखभाल संबंधितांवर सोपविते. कलम १२२२ प्रमाणे एखादे चर्च उपासनेसाठी वापरणे अशक्य झाले, तर बिशप ते इतर वापरास देऊ शकतात, पण तो वापर हीन असता कामा नये. कलम १२८३ नुसार मालमत्तेचा कारभार हाती घेणाऱ्याने स्थावर वस्तूंची, तसेच मोलाच्या जंगम वस्तूंची अचूक यादी वर्णनासह करावयाची असते.

डिसेंबर १९९९ मध्ये रोमच्या सांस्कृतिक वारसा आयोगाने अशा सूचीकरणाची निकड सांगणारे परिपत्रक काढले. २०१८ मध्ये वापरात नसलेल्या चर्चच्या पुनर्वापराविषयी मार्गदर्शक सूत्रे आली. ही सूत्रे युरोपातील रिकाम्या चर्चमुळे निघाली हे खरे, परंतु तरुण मुंबई-पुण्यास व आखातात गेल्यामुळे ओस पडत चाललेल्या आपल्या वाड्यांनाही ती लागू पडतात.

आपण काय करू शकतो?

वरील अनुभवांतून काही साधी कामे सुचतात. त्यांना मोठा निधी लागत नाही.

नोंद : धर्मग्रामातील प्रत्येक चॅपेल, क्रूस व जुने घर यांची एक वही करावी. चारही बाजूंची छायाचित्रे, लांबी-रुंदी, बांधकामाचे साहित्य, कोरलेला मजकूर, आणि वडीलधाऱ्यांकडून कळलेली हकीकत तीत लिहावी. हकीकत सांगणाऱ्याचे नाव व तारीख टाकावी. वहीची एक प्रत धर्मप्रांताच्या कार्यालयात ठेवावी, म्हणजे पूर आला तरी दुसरी प्रत राहील.

कागदपत्रे : सातबारा, ग्रामपंचायतीचा उतारा किंवा मालमत्ता पत्रक यांत चॅपेलची व क्रुसाची जागा कोणाच्या नावे आहे ते पाहावे. एप्रिल २०२० मध्ये जाहीर झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी करून मालमत्ता पत्रके दिली जातात. आपल्या गावची मोजणी झाली असल्यास चॅपेलची जागा सुटली तर नाही ना, याची खात्री करावी.

दुरुस्ती : पावसाळ्यापूर्वी कौले चाळावीत, पन्हळी साफ कराव्यात, भिंतीलगत पाणी साचू देऊ नये. चुन्याच्या भिंतीला चुन्यानेच दुरुस्त करावे. जुने काम जाणणारा गवंडी गावात असेल तर त्याच्या हाताखाली एखाद्या तरुणाला द्यावे. ती विद्या त्याच्याबरोबर गेली तर पैसे खर्चूनही परत मिळणार नाही.

घरे : राहत्या घराच्या मालकाला 'पाडू नका' एवढेच सांगणे अन्यायाचे आहे. जुन्या घरात संडास, न्हाणी, वीज व उजेड यांची सोय मूळ भिंती राखूनही करता येते. सोपा व माजघर तसेच ठेवून मागे परड्याकडे नवे बांधकाम करणे हा मार्ग अनेक कुटुंबांना परवडतो. वाटणीच्या वेळी घर कोणी एकाने राखावे व इतरांनी जमिनीतून भरपाई घ्यावी, अशी समजूत धर्मगुरूंनी घालून पाहावी.

वापर : सर्वात महत्त्वाचे हेच. वर्षातून एकदा सणाला उघडणारे चॅपेल फार काळ टिकत नाही. ऑक्टोबर महिन्यात रोझरी, मे महिन्यात पवित्र मारियेची भक्ती, पावसाळ्यात मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग अशा कोणत्याही निमित्ताने दार उघडले जावे. दार उघडणाऱ्याला गळती दिसते. गळती दिसली की कौल बदलले जाते.

उपसंहार

कायद्याचे संरक्षण मिळेल तेथे ते अवश्य मिळवावे. पण वसईच्या किल्ल्यात संरक्षणाची पाटी आहे आणि रोजची प्रार्थना नाही. आपल्या वाडीवर प्रार्थना आहे आणि पाटी नाही. दोहोंपैकी कोणती वास्तू अधिक जिवंत आहे, हे वाचकांनीच ठरवावे. पाटी लावणे सरकारच्या हाती आहे, दार उघडणे आपल्या.

आमच्या हातून गेलेली ती भिंत परत येणार नाही. तो वृद्ध भाविकही आता प्रभूच्या सान्निध्यात आहे. तुमच्या वाडीवर चुन्याविषयी, लाकडाविषयी, जुन्या क्रुसाविषयी काही सांगणारा कोणी अजून असेल, तर या रविवारी मिस्सानंतर थोडे थांबून त्याचे ऐका आणि लिहून ठेवा.